काँग्रेस गवत, घाणेरी आणि दिवाळीचा किल्ला

टाकाऊतून काही घडवणं बेळगाव-खानापूर पट्ट्याला नवं नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ (शेजारच्या कन्नड घरात तीच कौदी) आणि पोरांचा दिवाळीतला किल्ला, दोन्ही त्यातलेच. फुटक्या विटा, दगड, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि त्यावर पेरलेले अळीव. उतार हिरवा झाला की गड सजला. सण सरला की माती परसात परत जायची. थर्माकोल आणि ऑइलपेंट आले तेव्हापासून किल्ल्याचा बराच भाग कचऱ्यात जातो, याचं वाईट वाटतं.

हल्ली कलेसाठी तण वापरण्याची चर्चा असते, आणि तण म्हटलं की इथं पहिलं नाव काँग्रेस गवताचं, म्हणजे गाजरगवताचं (पार्थेनियम). हे नाव पडलं कसं? पीएल-४८० या अन्नमदतीच्या करारातल्या अमेरिकन गव्हातून बी आलं, सत्ता काँग्रेसची होती म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. काही जण म्हणतात, पांढरी फुलं गांधीटोपीसारखी म्हणून. पण पुण्यात या गवताची नोंद १९५५ ची आहे आणि भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. करारावरचा मात्र फिटतो. या नावामुळे सगळा दोष बाहेरच्यावर गेला. प्रत्यक्षात ते फोफावलं आपण उकरून सोडून दिलेल्या प्लॉटांवर आणि रस्त्याकडेला. १९८४ मध्ये बेंगळुरूत मेक्सिकन भुंगेरे सोडले, ते पानं खातात, तरी गवत आहेच.

म्हणून कलेसाठी सगळी तणं एका मापाने मोजू नयेत. काँग्रेसने अंगावर पुरळ उठतं, दमा उसळतो. मुलांच्या हाती ते देऊच नये. फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावं.

घाणेरीची (लँटाना) गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी आणलेलं हे झुडूप आता घाटातल्या रानात घुसलंय. कर्नाटकाच्या दक्षिणेला मलेमहादेश्वर डोंगरातले सोलिग आदिवासी कारागीर तिच्या काठ्या उकळतात, साल सोलतात, ओल्या असतानाच वाकवून खुर्च्या करतात, पूर्ण आकाराचे हत्तीही. फक्त काठ्यांपुरती वरून छाटली, तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. मुळासकट काढून मोकळ्या जागेत स्थानिक गवत लावेपर्यंत रानाचं काम अर्धंच राहतं.