गरगरणारा ट्राउट आणि तळ्यातला काटक मासा

‘तळ्यातला मासा नाजूक, नदीतला काटक’ हे मासे न खाणारेही ठासून सांगतात. ट्राउट माशांना गोल गोल गरगरायला लावणाऱ्या ‘व्हर्लिंग डिसीज’ या रोगापुरतं तरी हे साफ उलटं निघालं.

रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोपातल्या तळ्यांत आला आणि 1893 साली जर्मनीत त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, गोल गोल गरगरताना आढळली. शेपट्याही काळ्या पडत. तिथला मूळचा ब्राउन ट्राउट मात्र हाच परजीवी अंगात बाळगूनही सहसा ठणठणीत असतो.

परजीवीचं नाव मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस. त्याचे बीजाणू माशाकडून माशाकडे जातच नाहीत, हे उलगडायला 1984 उजाडलं. वुल्फ आणि मार्किव्ह यांनी दाखवलं, की मेलेल्या माशातले बीजाणू आधी गाळातल्या ट्युबिफेक्स किड्याच्या पोटात जातात. हो, मत्स्यालयवाले माशांना खायला घालतात तोच लालसर किडा. त्याच्या आतड्यात परजीवी रूपच पालटतो आणि जहाजाच्या तीन दात्यांच्या नांगरासारखा होऊन पाण्यात तरंगू लागतो. हे रूप इतकं निराळं, की पूर्वी शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्याच वर्गात बसवलं होतं.

माशाचा स्पर्श होताच नांगराच्या टोकाकडच्या कुप्यांतून गुंडाळलेले तंतू सटकन सुटतात आणि त्वचेत रुततात. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर डंख मारणाऱ्या ब्लू बॉटलकडेही असल्याच कुप्या असतात. हा परजीवी खरोखरच जेलीफिशच्या कुळातला, पार झिजून सूक्ष्म झालेला! मग आतल्या पेशी त्वचेत घुसतात, तिथून मज्जातंतूंत आणि मज्जातंतूंच्या वाटेने कूर्चेपर्यंत, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक कार्टिलेजपर्यंत. कूर्चा हे त्यांचं अन्न. लहानग्या माशाचा सांगाडा बहुतांशी कूर्चेचाच असल्याने त्याचे हाल सर्वाधिक होतात. सुजेचा दाब मेंदूच्या देठावर आणि मज्जारज्जूवर येतो, म्हणून गरगरणं. रंग सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवर येतो, म्हणून काळी शेपटी. साधारण नऊ आठवड्यांनंतर लागण झाली, तर हाडं बरीच घट्ट झालेली असतात आणि आजार सौम्य राहतो.

ब्राउन ट्राउटच्या त्वचेतूनही परजीवी शिरतो, पण कूर्चा गाठणारे थोडेच. ट्राउटचा भाईबंद कोहो सामन मासाही बऱ्यापैकी तग धरतो. रेनबो सर्वांत हळवा, आणि 1990च्या दशकात अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीच्या वरच्या भागात ‘काटक’ रानटी रेनबो सुमारे 90 टक्क्यांनी घटले.

उलट जर्मनीच्या बव्हेरियातल्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या या परजीवीसोबत राहिलेला ‘होफर’ नावाचा रेनबोचा वाण टिकून होता. हे ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ कुठल्या काढ्याचं काम नव्हे. ज्यांना आजार पेलला, त्यांचीच पिल्लं पुढे उरली. होफरशी संकर करून जनुकं तपासली, तेव्हा प्रतिकारक्षमतेतल्या फरकाचा मोठा वाटा नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच पट्ट्याशी जोडलेला सापडला.

पण तळ्यात माणसाळलेला होफर नदीत बावळट ठरतो, शत्रूला बुजत नाही. म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात त्याचा ‘कोलोरॅडो रिव्हर रेनबो’ या वाणाशी संकर करून ती पिल्लं नद्यांत सोडली. मत्स्यकेंद्रांनी तर मातीची तळी काढून काँक्रीटच्या टाक्या बांधल्या, कारण गाळ नाही तर ट्युबिफेक्स नाही.