मास्क नीट बसला का, हे जिभेवरून कळतं

एन-९५ मास्कवर छापलेला ९५ हा आकडा फक्त कापडाचा असतो. प्रयोगशाळेत मास्कच्या कडा पक्क्या चिकटवून त्यातून मिठाचे अतिसूक्ष्म कण सोडतात आणि किमान ९५ टक्के कण अडले की मास्क पास होतो. त्या तपासणीत माणसाचा चेहरा कुठेच नसतो. नाकाचा उंचवटा नाही, गालफडं नाहीत, हनुवटी नाही. आणि गळती नेमकी तिथूनच होते.

हिशेब करून बघा. श्वासातली दहा टक्के हवा कडेच्या फटीतून आत आली, तर तिच्यातले सगळे कण आत येतात. उरलेल्या नव्वद टक्क्यांतले पाच टक्के, म्हणजे साडेचार, कापडातून सुटतात. एकूण झाले साडेचौदा. पाच टक्के धूळ आत जाईल असं गृहीत धरून काम करणारा माणूस प्रत्यक्षात जवळपास तिप्पट धूळ ओढत असतो. शिवाय फिल्टर हवेला अडवतो, फट अडवत नाही. धूळ साचून फिल्टर जड होत गेला की हवा आणखी जोमाने फटीकडे वळते. दगड फोडताना, काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात रुतली की होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणून ही फट क्षुल्लक मानता येत नाही.

फट आहे की नाही, हे घालणाऱ्याला जाणवत नाही. त्यासाठी फिट टेस्ट. तिचा सॅकरिनचा प्रकार मला फार आवडतो, कारण त्यातली युक्ती अगदी साधी आहे. चाचणीआधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. मग मास्क न घालता डोक्यावर पारदर्शक टोप चढवतात आणि सॅकरिनच्या पातळ द्रावणाचे फवारे आत सोडतात: आधी दहा, गरज पडली तर वीस, तीस. तोंड किंचित उघडं, जीभ बाहेर. गोड लागलं की हात वर करायचा. कुणाला किती फवाऱ्यांत चव कळते, हे आधी ठरवून घेतात. तिसांतही कळली नाही, तर त्या माणसासाठी सॅकरिन बाद, दुसरं काही वापरायचं.

आता तोंड धुऊन मास्क घालायचा आणि पुन्हा टोप. या वेळचं द्रावण मात्र पहिल्याच्या शंभरपट तीव्र असतं. फवारे पहिल्याइतकेच. चव लागलीच नाही, तर मास्कच्या आतलं प्रमाण बाहेरच्या शंभराव्या हिश्शाच्या आत आहे, असं धरता येतं. दर अर्ध्या मिनिटाला निम्मे फवारे पुन्हा मारत राहतात आणि तेवढ्या वेळात माणसाला कामावर जे होतं ते सगळं करायला लावतात: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, मोठ्याने वाचन, कमरेत वाकणं. बोलताना जबडा हलतो आणि गप्प उभं राहून घट्ट वाटणारा मास्क अनेकदा तिथेच उघडा पडतो.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे ती माणसाच्या सांगण्यावर चालते. कामाची पाळी गाठायची घाई असलेला कामगार ‘काही लागत नाही’ म्हणून मोकळा होऊ शकतो. म्हणून काही जण बिट्रेक्स नावाचा जहाल कडू पदार्थ वापरतात. तोंड वाकडं झालेलं लपत नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे यंत्र. ते मास्कच्या आतले आणि बाहेरचे कण मोजून भागाकार देतं. बाहेर पाच हजार, आत पंचवीस, तर फिट फॅक्टर २००. अमेरिकेच्या नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला किमान १०० आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला यंत्राने मोजलेला किमान ५०० लागतो, आणि चाचणी दर वर्षी करावी लागते. वजन बरंच बदललं, दात काढले, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर वर्षाची वाट बघायची नाही.

मास्क घालताना दर वेळी तळहात ठेवून फुंकर मारून बघतात, ती वेगळी गोष्ट. ती रोज करायचीच, पण ती फिट टेस्टची जागा घेत नाही.

दाढीचं काय? कडेखाली एका दिवसाचे खुंट असले तरी सील तुटतं. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे, त्यांच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारे सैल टोप असतात. त्यांना फिट टेस्ट लागत नाही. ही सोय महाग पडते म्हणून माणसाला गळका मास्क देणं मला मान्य नाही.

नापास झालेल्याला दोष देऊ नये. १९७० च्या दशकात मास्कसाठी ठरवलेली चेहऱ्यांची मापं अमेरिकी हवाई दलातल्या लोकांवरून घेतलेली होती, आणि सगळ्या कामगारांचे चेहरे तसे नसतात. माप बदला, मॉडेल बदला, पुन्हा तपासा. जो मॉडेल आणि जे माप पास झालं, ते त्या माणसाच्या नावापुढे लिहून ठेवा. खरेदी विभागाने पुढच्या खेपेला स्वस्तातला दुसरा मास्क आणला, तर जुना निकाल त्या मास्कला लागू होत नाही. सगळ्यांना पुन्हा टोपाखाली उभं करावं लागतं.