घरकुल : यादी गावाची, पैसा वरचा

ग्रामपंचायतीत घरकुलाची चौकशी करायला येणारा माणूस योजनेचे पूर्ण नाव क्वचितच घेतो. तो विचारतो, ‘ड यादीत नाव आहे का?’ आणि नाव निघाले की पुढचा प्रश्न असतो, ‘हप्ता कधी पडणार?’ ग्रामीण गृहनिर्माणाचा सगळा कारभार या दोन प्रश्नांत सामावलेला आहे. नाव कोण ठरवतो आणि पैसा कोणत्या वाटेने येतो, हे गेल्या जवळपास सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले. घर बांधायची जागा आणि घर झाले नाही तर होणारा जाब मात्र गावातच राहिला.

सुरुवात झाली ती कर्जापासून. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५७ साली, समूह विकास कार्यक्रमाखाली ग्रामीण गृहनिर्माण योजना आली. तिच्यात व्यक्तींना आणि सहकारी संस्थांना एका घरामागे जास्तीत जास्त ५,००० रुपये कर्ज मिळे. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, देशभरात तिच्यातून फक्त ६७,००० घरे उभी राहिली. कर्जासाठी जमिनीचा कागद आणि फेडीची ऐपत लागते. ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांना झोपडीत राहायची वेळ आलेलीच नव्हती. मधल्या काळात, १९७१ मध्ये, भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याची एक केंद्रीय योजना निघाली आणि १९७४ मध्ये ती राज्यांकडे सोपवली गेली. घराआधी जागा लागते हे तेव्हाच ओळखले होते, ही गोष्ट पुढच्या योजनांना बराच काळ विसरायला झाली.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. त्यामुळे जिल्हा परिषद, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही साखळी इथे ७३ व्या घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधीपासून होती. त्या दुरुस्तीने १९९३ मध्ये अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या विषयांच्या यादीत, ‘ग्रामीण गृहनिर्माण’ हा दहावा विषय म्हणून घातला. निधी मात्र जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेमार्फत यायचा, आणि ती यंत्रणा सोसायटी म्हणून नोंदलेली वेगळी संस्था होती. म्हणजे विषय पंचायतीचा आणि तिजोरी शेजारच्या खोलीत.

आजच्या घरकुलाचा उगम रोजगाराच्या योजनांत आहे. १९८० चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम आणि १९८३ चा भूमिहीनांसाठीचा रोजगार हमी कार्यक्रम यांत मजुरीतून उभी राहणारी मालमत्ता म्हणून घर बांधायला परवानगी होती. यातल्या दुसऱ्या कार्यक्रमाचा उपभाग म्हणून १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांपुरती होती. १९८९ मध्ये ती जवाहर रोजगार योजनेत गेली आणि त्या निधीतला ६ टक्के वाटा तिला मिळाला. १९९३-९४ मध्ये इतर गरीब कुटुंबांना दार उघडले आणि वाटा १० टक्के झाला. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. हा उगम माहीत असला, की घरकुलाच्या कागदांत जॉबकार्ड क्रमांक का लागतो आणि ९० दिवसांचे मस्टर, म्हणजे मजुरीचे हजेरीपत्रक, का काढावे लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंदिरा आवासची दोन तत्त्वे तेव्हापासून टिकून आहेत. घर शक्यतो बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर मंजूर करायचे आणि काम ठेकेदाराला द्यायचे नाही. लाभार्थी स्वतः बांधेल, गवंडी स्वतः लावेल. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्याने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहिल्या. ५२ गावे ठेकेदारांकडून नव्या जागी वसवली गेली आणि दोन लाखांच्या आसपास घरे मालकांनी अनुदान घेऊन जागच्या जागी दुरुस्त व मजबूत केली. पुनर्वसित गावांत रुंद रस्ते आले, पण गोठा आणि कडब्याची गंजी कुठे ठेवायची हा प्रश्न लोकांनी नंतर आपापल्या परीने सोडवला. ठेकेदार नको या नियमाला आजही एक पळवाट आहे. गावातलाच कोणी ‘साहित्य पुरवठादार’ पाच-सात घरे एकत्र घेतो, सगळ्यांचे पासबुक स्वतःकडे ठेवतो आणि जोत्यापर्यंत येऊन दुसऱ्या गावाला जातो. कागदावर ठेकेदार नसतोच, मग कारवाई कोणावर करायची?

नावाचा प्रश्न सगळ्यांत जास्त भांडणाचा. आधी ग्रामसभा नावे सुचवायची आणि वर्षाचे उद्दिष्ट गावाला दोन-चार घरांचे असायचे. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणाने हे बदलले. १३ निकष, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. सर्वांत कमी गुणांचे कुटुंब सर्वांत वर. या गुणांवरून कायम प्रतीक्षा यादी तयार करून ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायची, असा नियम झाला. भिंतीवरच्या यादीचा फायदा असा, की मागच्या दाराने क्रम बदलणे अवघड झाले. तोटा असा, की २००२ साली ज्याच्या घरी रेडिओ होता त्याचे गुण पुढची कित्येक वर्षे तेच राहिले आणि त्यानंतर वेगळे झालेल्या मुलाचे कुटुंब यादीत आलेच नाही.

इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली आणि नावाचा आधार २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना हा झाला. आता गरिबी नव्हे, घराची अवस्था मोजायची. बेघर आधी, मग एक कच्ची खोली, मग दोन कच्च्या खोल्या. त्याच्या जोडीला वगळण्याचे १३ निकष. ग्रामसभेचा अधिकार इथे उलटा झाला. ती अपात्र नाव कारण लिहून काढू शकते, नवे घालू शकत नाही. काढलेल्याने जिल्हास्तरीय अपील समितीकडे जायचे. नाव सुटलेल्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०१८-१९ मध्ये आवास प्लस सर्वेक्षण करावे लागले. महाराष्ट्रात या सुटलेल्यांची यादी ‘प्रपत्र ड’ मध्ये घेतली गेली. ‘ड यादी’ हा शब्द तिथून गावात रुजला. या यादीतली बरीच नावे संगणकाने परस्पर अपात्र ठरवली. कुटुंबाने सर्वेक्षकाला काय सांगितले, सर्वेक्षकाने मोबाइलवर कोणता पर्याय दाबला आणि प्रणालीने त्याचा काय अर्थ लावला, यात कुठे चूक झाली ते ग्रामपंचायतीला दिसत नाही. शिव्या मात्र तिथेच खाव्या लागतात.

पैशाची वाट सुधारली, हे मान्य करायला हवे. इंदिरा आवासच्या काळात जिल्ह्याला निधी दोन टप्प्यांत मिळे आणि उपलब्ध रकमेच्या ६० टक्के खर्च दाखवल्याशिवाय दुसरा टप्पा सुटत नसे. त्यामुळे मार्चच्या तोंडावर उपयोगिता प्रमाणपत्रांची धावपळ व्हायची आणि जोत्यावरचे घर कागदावर छताला पोहोचायचे. आता मंजुरीनंतर तालुका पातळीवर निधी हस्तांतरण आदेश तयार होतो, त्यावर दोन डिजिटल सह्या होतात आणि रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जाते. मंजुरी आदेशानंतर ७ कामकाजाच्या दिवसांत पहिला हप्ता आणि १२ महिन्यांत घर पूर्ण, असा नियम आहे. महाराष्ट्रात पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. पुढचे हप्ते जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची पट्टी), छत अशा टप्प्यांना बांधलेले आणि प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग केलेला, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो आवाससॉफ्ट या योजनेच्या संगणक प्रणालीवर चढल्याशिवाय सुटत नाहीत. हे काम तालुक्याचा कंत्राटी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता करतो. एकेकाकडे शेकडो घरे असतात.

हप्ता अडकतो तो बहुधा चार ठिकाणी. आधारवरचे नाव आणि पासबुकातले नाव जुळत नाही. बँका एकमेकींत विलीन झाल्यावर शाखेचा आयएफएससी क्रमांक बदलला, पण नोंदीत जुनाच राहिला. वर्षानुवर्षे व्यवहार नसल्याने खाते गोठले. किंवा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले असल्याने पैसे तिकडे पडले आणि लाभार्थी मात्र तक्रार घेऊन पंचायत समितीत बसला. म्हणून नोंदणीआधीच बँकेतून खात्याची आधारजोडणी तपासून घ्यावी. मंजुरीनंतरची दुरुस्ती तालुका, जिल्हा आणि राज्य कक्ष अशी फिरते.

पायाचेही तसेच. काळ्या मातीच्या पट्ट्यात मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते आणि १५,००० रुपये खड्ड्यातच जातात. दुसरा हप्ता जोते झाल्यावर, आणि जोत्याला पैसे नाहीत. काही अर्धवट घरकुलांची कहाणी एवढीच आहे. त्यात पहिला हप्ता मे महिन्यात मिळाला तर पावसाळा आडवा येतो आणि दिवाळीनंतर मिळाला तर ऊसतोडीला गेलेले कुटुंब एप्रिलपर्यंत परतत नाही.

रोजगार हमीची मजुरी हा सहज हातचा सुटणारा भाग. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ९० दिवसांचे २८,०८० रुपये होतात. पण मस्टर काम चालू असतानाच निघावे लागते. छत टाकून झाल्यावर मागचे दिवस भरून मिळत नाहीत. शौचालयाचे १२,००० रुपये वेगळ्या प्रस्तावातून येतात.

अनुदानाच्या आकड्यांचा क्रम बोलका आहे. सपाट भागासाठी १९९६ मध्ये २०,०००, २००४ मध्ये २५,०००, २००८ मध्ये ३५,०००, २०१० मध्ये ४५,०००, २०१३ मध्ये ७०,००० आणि २०१६ मध्ये १,२०,००० रुपये. डोंगराळ भागाला १,३०,०००. केंद्राचा वाटा याच काळात ८० टक्क्यांवरून आधी ७५ आणि मग ६० वर आला. किमान क्षेत्र २० चौ. मीटरचे २५ झाले. २५ चौ. मीटर म्हणजे २६९ चौ. फूट, म्हणजे चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये. या दरात पक्के छत बसत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. आधी दर दोन-चार वर्षांनी वाढणारी रक्कम २०१६ नंतर थांबली. योजनेचा दुसरा टप्पा २०२४ ते २०२९ साठी, देशभरात आणखी २ कोटी घरांचा, मंजूर झाला तरी केंद्राचा आकडा तोच राहिला. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने दुसऱ्या टप्प्याच्या लाभार्थ्यांसाठी ५०,००० रुपये जोडले. त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर संचासाठी. नव्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत आहे. ब्रास मोफत असले तरी ट्रॅक्टरचे भाडे लाभार्थ्याचेच.

राज्याच्या स्वतःच्या योजना जातसमूहांनुसार उभ्या राहिल्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३ पासून इतर मागासवर्गासाठी मोदी आवास. निधी देणारे विभाग वेगळे, पण फाइल शेवटी त्याच गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर. एका विभागाचा निधी वेळेवर आला आणि दुसऱ्याचा रखडला, तर एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एक पूर्ण आणि दुसरे विटांच्या उंचीवर थांबलेले दिसते.

जागेचा पेच सगळ्यांत जुना. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बहुतेक प्रस्तावांना जोडलेला असतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गायरानावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांकडे तोही नसतो. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि राज्याने त्याच वर्षी १२ जुलैला त्यानुसार शासन निर्णय काढला. दुसरीकडे १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले, तेही बरेचसे घरकुलाच्या उद्दिष्टासाठी. ग्रामसेवक या दोन आदेशांच्या मध्ये उभा असतो. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौ. फुटांपर्यंतच्या खरेदीला आधी ५०,००० रुपये मिळत, नंतर ही मर्यादा १ लाख झाली. रस्त्यालगतच्या गावांत एवढ्या पैशांत गुंठ्याचा तुकडाही मिळत नाही. गावठाणातल्या घरांना सनद मिळावी म्हणून ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि पुढे तोच स्वामित्व योजनेत देशभर गेला. त्याची मोजणी गावठाणाच्या हद्दीपर्यंतच. हद्दीबाहेरच्या वस्तीला, वाडीला, पोडाला अजून उताऱ्यावरच भागवावे लागते.

२०२४ च्या नव्या आवास प्लस सर्वेक्षणात वगळण्याचे निकष १३ वरून १० झाले. दुचाकी, फ्रिज आणि लँडलाइन यांच्यामुळे आता नाव जात नाही. मासिक उत्पन्नाची मर्यादा १०,००० वरून १५,००० झाली. कुटुंबाला मोबाइलवरून चेहरा पडताळून स्वतःच नोंद करता येते. नोंद केली म्हणजे नाव आले, असा समज त्यातून पसरला आहे. नोंदीनंतर पडताळणी, मग ग्रामसभा, मग प्राधान्यक्रम आणि त्यातून वर्षाचे उद्दिष्ट. म्हणून नोंद करताना मिळालेल्या माहितीची प्रत जपून ठेवावी आणि ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल मागून घ्यावी. अपिलात हीच कागदे लागतात.