पिक की बोटं? बेस गिटारच्या उजव्या हाताची पार्श्वभूमी

बेस गिटार शिकायला घेतली की महिन्याभरात हा प्रश्न समोर येतोच: पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या चकतीने, वाजवायचं की बोटांनी? बहुतेक वेळा प्रश्नासोबत निकालही मिळतो. ‘पिकने वाजवणारा म्हणजे चुकून बेसकडे आलेला गिटारिस्ट.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी ते मला टोचतं, कारण या वाद्याच्या इतिहासात त्याला आधार मिळत नाही. ज्याने हे वाद्य बाजारात आणलं, त्याने वाजवण्याची सोय केली होती ती अंगठ्यासाठी.

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरच्या कारखान्यातून ‘प्रिसिजन बेस’ बाहेर पडला. विजेवर चालणारा, पडदे असलेला बेस त्याआधीही झाला होता. सिॲटलच्या पॉल टुटमार्कने तो १९३० च्या दशकातच बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. फेंडरचा पसरला. माणसाएवढ्या डबल बेसला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे पडद्यांमुळे तो नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. घोडीपासून नटपर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत, तारेची लांबी ३४ इंच, आणि आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. या पहिल्या बेसवर सगळ्यात पातळ तारेच्या खालच्या अंगाला एक छोटी पट्टी ठोकलेली होती. बोटं त्या पट्टीला अडकवायची आणि मोकळ्या अंगठ्याने तारा खालच्या दिशेला छेडायच्या, अशी ती योजना. घोडीवर चकचकीत झाकण आणि झाकणाच्या आत तारा दाबून धरणारा मऊ तुकडा, म्हणजे सूर लांबत राहू नये, ठप्प उमटून थांबावा.

पण वाद्य विकत घेणाऱ्यांनी ही योजना फारशी मनावर घेतली नाही. ते आपापल्या सवयी घेऊन आले होते, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. काही जण डबल बेसवरून आले, काही गिटारवरून. डबल बेसवाल्याची बोटं तयार होती, गिटारवाल्याच्या हातात पिक होतं.

पहिल्या वाटेवरचा सगळ्यात मोठा माणूस जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलिनातला. घडला डेट्रॉइटमध्ये, डबल बेसवर. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरवजा स्टुडिओत त्याने १९६० च्या दशकातल्या असंख्य गाण्यांना बेस दिला, आणि बहुतेक सगळा एका बोटाने. फक्त उजवी तर्जनी. तिला सोबतचे लोक ‘द हूक’ म्हणत. बाकीची बोटं पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकाच्या, झाकणावर टेकलेली. वरच्या तारेवरून खालच्या तारेवर येताना तेच बोट ओढत आणायचं, मोकळ्या तारा सढळपणे वापरायच्या, या सगळ्या डबल बेसच्या सवयी. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि तो त्या बदलत नसे. तारा जुन्या झाल्या की त्यांची चकाकी जाते आणि सूर जड, गोल होतो. त्याला तोच हवा होता. इतकं करूनही कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धत मोटाउनमध्ये नव्हती. जेमरसनचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १९७१ साली, गायक मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. तोवर जगभरच्या पोरांनी त्याचं बोट ऐकून ऐकून पाठ केलं होतं, नाव न कळता.

दुसरी वाट नॅशव्हिलमधून निघते. १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने सहा तारांचा बेस काढला: आकार गिटारचा, सूर एक सप्तक खाली. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत डबल बेसच्या जोडीला हा बेस बसवला गेला. हॅरॉल्ड ब्रॅडलीसारखा गिटारवादक पिकने, तळहाताची कड तारांवर टेकवून तेच सूर वाजवी. त्या कोरड्या ‘टिक-टिक’ आवाजावरून त्याला ‘टिक-टॅक’ बेस म्हणू लागले.

हा खटाटोप का, तर त्या काळातल्या स्पीकरमुळे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. छोट्या रेडिओच्या वीतभर स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्यावरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे वरचे बारीक सूर, आणि कान त्यावरून खालचा सूर जुळवून घेतो. बोटाचा मांसल भाग रुंद आणि मऊ. तो तार सोडताना वरचे स्वरांश दाबून टाकतो. पिकचं टोक अरुंद आणि टणक, ते स्वरांश मोकळे सोडतं. म्हणून पिकचा बेस रेडिओवर ठसठशीत येई. घोडीजवळ छेडलं की धार आणखी वाढते, मानेकडे सरकलं की कमी होते. आजही रेकॉर्डिंगला बसल्यावर पिक की बोटं हे ठरवण्याआधी हात कुठे ठेवायचा ते ठरवावं, असं मला वाटतं. निम्मा फरक तिथेच पडतो.

लॉस एंजेलिसमध्ये ही पिकची कला ज्या उंचीला पोचली, तिचं श्रेय बऱ्याच अंशी कॅरोल के यांना जातं. त्या मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या एका रेकॉर्डिंगला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. कडक पिक, घोडीजवळ तारांवर दाबून बसवलेला फेल्टचा तुकडा, आणि प्रत्येक सूर जागच्या जागी. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’मध्ये लायल रिट्झचा डबल बेस आणि के यांचा पिकचा बेस एकत्र ऐकायला मिळतात. एकाचं अंग आणि दुसऱ्याची धार. पिकवाल्यांना कमी लेखणाऱ्यांनी हा अल्बम एकदा फक्त बेससाठी, शांतपणे ऐकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिटारवरून आलेले पुढेही येतच राहिले. पॉल मॅकार्टनी बीटल्सचा गिटारवादक होता. गटाचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाजूला झाल्यावर बेस त्याच्या गळ्यात पडला, १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने हॉफनर कंपनीचा बेस घेतला आणि मुख्यतः पिकनेच वाजवत राहिला. रॉक वादक लेमीने १९७१ मध्ये हॉकविंड या गटात येण्याआधी बेस वाजवलाच नव्हता. तो बेसवर सरळ गिटारसारखे कॉर्ड मारायचा आणि त्याच्या पुढच्या मोटरहेड या गटाचा सगळा आवाज त्यावर उभा राहिला.

इकडे १९६६ मध्ये तारा बनवणाऱ्या ब्रिटनच्या रोटोसाउंड कंपनीने, द हू या गटाचा बेसवादक जॉन एंटविसलच्या आग्रहामुळे, बेससाठी राउंडवाउंड तारांचा नवा संच तयार केला. या तारांवरचं वेटोळं गोल आणि खरखरीत, आवाज पियानोसारखा खणखणीत. आता बोटांनाही धार मिळाली आणि पिकची एक मोठी गरज संपली. त्याच दशकात बेसवादक लॅरी ग्रॅहमने, आईसोबत ड्रमरशिवाय वाजवताना, अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढायची पद्धत काढली. फेंडरने ज्या अंगठ्याची सोय केली होती तो असा परत आला, पण हातोडा होऊन. मग १९७६ मध्ये बेसवादक जेको पास्टोरियसचा पहिला अल्बम आला. पडदे काढलेला फेंडरचा ‘जॅझ बेस’, घोडीजवळच्या पिकअपवर दोन बोटं. त्यानंतर बोटांना जी प्रतिष्ठा मिळाली तिची सावली पिकवर पडली, असं माझं मत आहे. तीनच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, अँथनी जॅक्सनने ओजेज या गटासाठी पिकने वाजवलेली ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ची ओळ लोक विसरले नाहीत, ती पिकने वाजवलेली आहे, हे मात्र विसरले.

मेटॅलिका या मेटल गटात तर दोन्ही वाटा पाळीपाळीने आल्या. क्लिफ बर्टन बोटांचा. १९८६ मध्ये तो अपघातात गेल्यावर आलेला जेसन न्यूस्टेड पिकचा. २००३ पासून रॉबर्ट ट्रुहियो, पुन्हा बोटं. गट तोच.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सतारीला नखी लागते, तंबोऱ्याला बोटंच लागतात, यावर कुणी भांडत नाही. पण रुद्रवीणेत मात्र दोन्ही मतं आहेत. असद अली खाँ नखी घालून वाजवत. झिया मोहिउद्दीन डागर यांनी वीणा मोठी करून घेतली, नखी काढून ठेवली आणि उघड्या बोटांनी खर्जात शिरले. त्यांचं गुरुकुल पनवेलजवळच्या पळस्प्याला. त्यांचा मंद्र सप्तकातला आलाप ऐकताना मला नेहमी जेमरसनचं ते एक बोट आठवतं. दोघांनाही सुराचा आरंभ टोकदार नको होता.

फेंडरच्या पट्टीचं पुढे काय झालं? १९७४ च्या सुमारास कंपनीने ती पातळ तारेखालून काढून वरच्या अंगाला, जाड तारेच्या बाजूला नेली. आता तिच्यावर अंगठा टेकायचा आणि बोटांनी वाजवायचं. तेवीस वर्षं वादकांचे हात जे करत होते, ते कारखान्याने अखेर मान्य केलं. नंतर ती पट्टी बहुतेक बेसवरून गेलीच. जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेले प्रिसिजन मिळतात, त्यांवर मात्र ती पहिल्या जागी, पातळ तारेखालीच बसवलेली दिसते.