अंतर्वस्त्रांचे छायाचित्रण : डिझायनरची निर्मितिप्रक्रिया

ब्रा, ब्रीफ, कॉर्सेट (छाती-कंबर आवळून धरणारे वस्त्र), बॉडीसूट, स्लिप अशा अंतर्वस्त्रांचा नवा संग्रह ग्राहकांपुढे येतो तो बहुतेक वेळा छायाचित्रांतून. ही छायाचित्रे कोणत्या कल्पनेवर उभी राहावीत, त्यांसाठी नमुने कसे बेतावेत, मॉडेल, प्रकाश आणि चौकट कशी निवडावी, या सगळ्या निर्णयांचा विचार या नोंदीत केला आहे. कपडा तयार झाला की त्याचे फोटो काढायचे, एवढाच हा व्यवहार असल्याचे बाहेरून वाटते. अंतर्वस्त्राच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याचा विचार पहिल्या रेखाटनापासून करावा लागतो, कारण चौकटीत कापड थोडे आणि त्वचा जास्त असते. कोटाच्या शिवणीतली दोन-तीन मिलिमीटरची चूक फोटोत लपून जाते. ब्राच्या कपात तेवढीच चूक राहिली तर कड उचललेली दिसते किंवा पट्टा अंगात रुतलेला दिसतो.

पार्श्वभूमी

पोलादी किंवा देवमाशाच्या जबड्यातील पट्ट्यांनी ताठ केलेला जुना कॉर्सेट अंगावर नसतानाही आपला आकार धरून उभा राहत असे. फ्रान्समध्ये हर्मिनी काडोल हिने १८८९ च्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग केले आणि वरचा भाग स्वतंत्र केला. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब हिला १९१४ मध्ये बिनपाठीच्या ब्रेसियरचे, म्हणजे ब्राचे, पेटंट मिळाले. तिचा पहिला नमुना दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून बनला होता. पुढे नायलॉन आले आणि १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा तंतू विकसित केला. या बदलांनी अंतर्वस्त्र हलके झाले, अंगाबरोबर ताणले जाऊ लागले, पण टेबलावर ठेवले की ते निर्जीव दिसू लागले. त्याचे खरे रूप अंगावरच कळते. त्यामुळे मॉडेल, तिची उभी राहण्याची पद्धत आणि तिचा श्वाससुद्धा डिझाइनचा भाग झाला.

या छायाचित्रणाच्या इतिहासातले एक चित्र प्रत्येक डिझायनरने नीट पाहावे असे आहे. १९३९ मध्ये हॉर्स्ट पी. हॉर्स्ट यांनी पॅरिसमध्ये ‘व्होग’ मासिकासाठी फॅशन डिझायनर मेनबोशे यांच्या कॉर्सेटचा फोटो काढला. मॉडेल पाठमोरी आहे, चेहरा जवळजवळ दिसतच नाही. कॉर्सेटची नाडी सैल सुटून खाली लोंबते आहे आणि प्रकाश एका बाजूने येऊन पाठीवर थांबला आहे. मूळ छायाचित्रात कॉर्सेट एका बाजूला अंगापासून किंचित सुटलेला आहे. छापताना तो रिटच करून, म्हणजे चित्रावर नंतर हात फिरवून, अंगासरशी आणला गेला. मूळ चित्र अधिक जिवंत आहे, कारण त्या सैल जागेतच कपडा आणि शरीर यांचे नाते दिसते.

कल्पनेच्या बाजूने दोन मोहिमा वेगळ्या दिशा दाखवतात. मेडनफॉर्म कंपनीने १९४९ मध्ये सुरू केलेल्या आणि सुमारे दोन दशके चाललेल्या जाहिरातींत ब्रा घातलेली स्त्री स्वप्नात चारचौघांत वावरताना दिसे. तिथे आधी कथा होती, कपडा त्या कथेतला वेश होता. १९९४ मध्ये वंडरब्रा या ब्रा-ब्रँडच्या जाहिरातीसाठी एलेन फॉन उनवर्थ यांनी इव्हा हर्झिगोव्हाचे कृष्णधवल छायाचित्र काढले. त्यात मॉडेल खाली, स्वतःकडेच पाहून हसते आहे. त्या जाहिरातीची ओळ पुरुषांना उद्देशून होती, पण चित्रातली नजर त्या ओळीपेक्षा मोकळी आहे. हे चित्र नेमके कोणाच्या नजरेने पाहायचे, हा प्रश्न डिझायनरने सुरुवातीलाच सोडवला नाही तर पुढचे सगळे निर्णय भरकटतात.

कापडापासून नमुन्यापर्यंत

काम सहसा मूडबोर्डने सुरू होते. त्यावर रंगाचे तुकडे, जुनी चित्रे, लेसचे नमुने, एखाद्या खिडकीतून पडलेल्या उजेडाचा फोटो असे काहीही असू शकते. पण मूडबोर्डवर फार काळ रेंगाळणारे डिझायनर सहसा कापडाला घाबरतात. खरी दिशा कापडच देते. उत्तम लेस आजही लीव्हर्स पद्धतीच्या यंत्रांवर विणली जाते. या यंत्राची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील नॉटिंगहॅममध्ये आहेत आणि फ्रान्समधील काले व कोद्री ही या लेसची प्रसिद्ध केंद्रे आहेत.

लेस टेबलावर पसरल्यावर डिझायनर कपाचा कागदी पॅटर्न तिच्यावर ठेवते आणि हलवत राहते. फुलाचा मध्य शिवणीत कापला जाऊ नये, लेसची नागमोडी कड कपाच्या वरच्या रेषेवर अखंड यावी आणि उजव्या कपावरचे फूल डाव्या कपावर आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे पडावे, अशी तिची धडपड असते. दोन कप एकाच दिशेने कापले तर कापड वाचते, पण समोरून काढलेल्या फोटोत छाती वाकडी वाटते. अशा मांडणीत बरीच लेस वाया जाते. ज्या संग्रहाची छायाचित्रे अगदी जवळून काढायची आहेत, तिथे हा खर्च टाळू नये.

मग फिटिंग. सँपल साधारणपणे एकाच ठरावीक मापाचे शिवतात, पण निवडलेल्या मॉडेलचे अंग त्या मापात बसेलच असे नाही. फ्रॉक सैल झाला तर पाठीमागे क्लिपा लावून वेळ निभावता येते. ब्राची पाठही चौकटीत येते आणि क्लिप लावली की लेस चुरगळते, कप ओढला जातो. म्हणून जबाबदार डिझायनर मॉडेल ठरल्यावर नमुना तिच्या मापाने पुन्हा शिवून घेते. दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला आहे का, कपाखालची तार स्तनाच्या मुळाशी बसली आहे का, पाठीचा पट्टा आडवा सरळ आहे का, हे उभे राहून, बसून आणि हात वर करून तपासतात. छायाचित्रात मॉडेल टेकून बसणार असेल तर फिटिंगही टेकून बसवूनच घ्यावे.

प्रकाश आणि पोत

काळी लेस समोरून आलेल्या प्रकाशात सपाट काळा डाग होते. बाजूने प्रकाश टाकला की तिचे धागे सुटे दिसतात. पांढऱ्या लेसचे उलट : प्रकाश जरा जास्त झाला की नक्षी पुसली जाते. सॅटिनला मोठा, मऊ प्रकाशस्रोत लागतो, नाहीतर चमक पट्ट्यापट्ट्यांनी तुटते. त्वचेच्या रंगाचे कापड सर्वांत अवघड. त्याच्या कडेला बारीक सावली मिळाली नाही तर कपडा आहे की नाही हेच कळत नाही. बारीक जाळीच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात कधी कधी लाटांसारख्या रेषा उमटतात, त्यांना मोआरे म्हणतात. जाळीची वीण आणि कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरच्या बिंदूंची रचना एकमेकांवर आल्याने हे घडते. अंतर किंवा कोन बदलला की बहुधा सुटका होते. चाचणीचे फोटो आधीच काढले तर असे कापड वेळीच ओळखता येते.

सेटवर

मॉडेलने त्या दिवशी सैल कपडे घालून यावे असे सांगितले जाते, कारण घट्ट इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून जायला वेळ लागतो. खोली उबदार ठेवतात. थंडीने अंगावर काटा आला की तो लेन्सपासून लपत नाही. लेबले आत दुमडली जातात, अंगाच्या मेकअपचे डाग कापडावर पडू नयेत म्हणून कपडे शेवटी चढवतात, आणि स्टायलिस्टजवळ दुहेरी चिकटपट्टी, सुईदोरा व जादा पट्टे तयार असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट संमतीची. कोणते कपडे, किती पारदर्शक, कोणत्या पोझ आणि चित्रे कुठे वापरली जाणार, हे आधी लेखी ठरलेले असावे. मॉडेल प्रौढ असावी. सेटवर गरजेपुरतीच माणसे, बाकीच्यांचे फोन बाहेर, दोन चित्रांमध्ये अंगावर घ्यायला गाऊन, आणि नको वाटलेली पोझ कारण न देता नाकारण्याची मुभा. याला केवळ शिष्टाचार समजणे चूक आहे. अवघडलेल्या मॉडेलचे खांदे वर चढतात, मान आखडते, आणि खांदे चढले की पट्ट्यांचा ताण बदलून कपाची रेषाच बदलते. महिनाभर बसवलेले फिटिंग त्या क्षणी बिघडते.

निवड आणि रिटचिंग

निवडीच्या वेळी छायाचित्रकार चित्राचा तोल पाहतो, विक्री विभाग कपडा स्पष्ट दिसतो का ते पाहतो. डिझायनरला दोन्ही सांभाळून कपड्यामागचा मूळ बेत चित्रात दिसतो का हे पाहायचे असते. मग रिटचिंग येते. सुटलेला धागा काढणे आणि कंबर बारीक करणे यांत मूलभूत फरक आहे : पहिल्याने कपडा स्वच्छ होतो, दुसऱ्याने तो अंगावर कसा बसतो याबद्दल ग्राहकाची फसवणूक होते. अमेरिकेतील एरी या ब्रँडने २०१४ मध्ये आपल्या मॉडेल रिटच न करता दाखवण्याची मोहीम सुरू केली. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड दिसेल असे बदल केलेल्या व्यावसायिक छायाचित्रांवर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. नॉर्वेमध्येही जुलै २०२२ पासून जाहिरातींतील अशा बदलांची नोंद चित्रावर करावी लागते.