सिकलसेल म्हणजे खाटेवरचं आयुष्य नव्हे

गडचिरोली-चंद्रपूरकडे अजूनही ऐकू येतं, "सिकलसेलवाल्या पोरीला हलू देऊ नका, रक्त आटते." हे खरं नाही, आणि त्यापायी पोरी घरात कोंडल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं.

हालचालीनं रक्त आटत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्मापासूनचा असतो. शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक नसांत अडकतात. हाडं फोडणारी कळ येते ती त्यामुळे. म्हणून खरी राखण पाण्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तहान लागायची वाट पाहूच नये. माझी पुतणी उशाशी भरलेला गडवा ठेवते, उठल्याबरोबर रिकामा करते. ऊन उतरलं की मैत्रिणींसोबत पांदणीनं फिरते, दम लागण्याआधी थांबते. बोडीत पोहणं मात्र नाही, गार पाण्यानंही कळ उठते. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी रोज, न चुकता. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय नकोत. ताप, धाप किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

फिरायला लागल्यापासून ती पुन्हा पहिल्यासारखी बोलते. परवा येताना ओटीभर बोरं घेऊन आली.