नॅचरल मायनर की डोरियन? भांडण एकाच सुराचं

गिटारवर मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पहिला बॉक्स, म्हणजे फ्रेटवरचा बोटांचा ठरलेला नकाशा, हातात बसला की काही महिने मजेत जातात. पाचव्या फ्रेटवर ए धरायचा, ए-सी-डी-ई-जी या पाच सुरांत हिंडायचं, आणि फारसं कुठे काही बेसूर होत नाही. मग कंटाळा येतो. आणखी दोन सूर हवेसे वाटतात, यूट्यूब उघडलं जातं आणि सात सुरांच्या दोन स्केलची नावं समोर येतात: नॅचरल मायनर, म्हणजेच एओलियन, आणि डोरियन. दोन्हींचे नकाशे दिसायला इतके सारखे की पोरं दोन्ही घोकतात आणि सोलोच्या वेळी हाताला येईल तो लावून मोकळी होतात.

ए नॅचरल मायनर म्हणजे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. ए डोरियन म्हणजे ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प (एफच्या एक फ्रेट, म्हणजे अर्धा सूर वर), जी. सहा सूर तेच. पेंटॅटॉनिकमध्ये नसलेला बीसुद्धा दोन्हीकडे आहे, तेव्हा तो बिनधास्त घाला. वाद आहे तो सहाव्या सुराचा.

म्हणून माझं मत असं की दोन स्वतंत्र नकाशे पाठ करायच्या भानगडीत पडूच नये. बी तारेकडे बघा, म्हणजे बारीक बाजूने दुसरी. बॉक्समध्ये तिच्या पाचव्या फ्रेटवर ई आहे आणि आठव्यावर जी. मधले दोन फ्रेट रिकामे आहेत. सहाव्यावर बोट ठेवलंत की नॅचरल मायनर, सातव्यावर ठेवलंत की डोरियन. डी तारेवर, म्हणजे बारीक बाजूने चौथीवर, हेच दोन सूर तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर सापडतील. जो बॉक्स आधीच हातात आहे त्यात एवढी भर पुरते.

आता फोनवर तानपुरा लावा. सा ए ला, पंचम ई ला. कॉर्डबिर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, काही नको. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ई पासून सहाव्यावर जा आणि तिथे जरा थांबा. हा एफ पंचमाला खेटून, अर्ध्या सुरावर बसलेला आहे. तो तिथे टिकत नाही, खाली पंचमावर उतरायला बघतो, आणि ते उतरणं कानाला दुखरं लागतं. आता सातव्या फ्रेटवर थांबा. एफ शार्प पंचमापासून पूर्ण सुराच्या अंतरावर आहे, त्याला उतरायची घाई नाही. उदासी जात नाही, कारण सी, म्हणजे कोमल गंधार, जागेवरच असतो, पण वर खिडकी उघडल्यासारखं होतं. शिवाय सी आणि एफ शार्प यांच्यात बरोबर सहा फ्रेटचं अंतर पडतं, म्हणजे ट्रायटोन. डोरियनची ती किंचित तिखट चव या जोडीतून येते.

बेंड करणाऱ्यांनी, म्हणजे तार ओढून सूर चढवणाऱ्यांनी, इथे जपायला हवं. जी तारेच्या (बारीक बाजूने तिसरी) नवव्या फ्रेटवर ई मिळतो. तो अर्धा सूर ओढला तर एफ, पूर्ण ओढला तर एफ शार्प. हात नवा असला की बेंड नेमका या दोघांच्या मध्ये कुठेतरी अडकतो आणि मग कुठलंच स्केल वाजत नाही. आधी फ्रेटवर सूर वाजवून कानात भरून घ्यावा, मग तिथपर्यंत ओढावं.

पुण्यात राहून घरात गाणं शिकलेलं कुणीच नाही, असं जरा कमीच होतं. आजी असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. त्यांच्याकडे गिटार घेऊन गेलात तर त्या डोरियनला काफी थाट म्हणतील आणि नॅचरल मायनरला आसावरी. विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची विभागणी दहा थाटांत केली, त्यातले हे दोन. दोन्हीत गंधार-निषाद कोमल. काफीत धैवत शुद्ध, आसावरीत तोही कोमल. आपला बी तारेचा सहावा-सातवा फ्रेट तो हाच.

थाट म्हणजे राग नव्हे, हे मात्र काकू लगेच ऐकवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तरी गिटारवाल्यासाठी काफी थाटातला भीमपलास ही पर्वणी आहे. त्याचा आरोह नि सा ग म प नि सां, गंधार-निषाद कोमल. सा ए ला धरून वाजवून बघा: हा तर तुमचा पेंटॅटॉनिकचा बॉक्स! अवरोहात मात्र सां नि ध प म ग रे सा असे सातही सूर येतात, धैवत शुद्ध, म्हणजे अख्खं डोरियन. चढताना बॉक्स, उतरताना डोरियन. ‘इंद्रायणी काठी’ कानात असेल तर हा रंग तुमच्या ओळखीचा आहे. भीमसेन जोशींनी ते गायलं १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी, आणि सवाई गंधर्व महोत्सवही त्यांनी पुण्यात त्याच वर्षी सुरू केला. कोमल धैवताच्या बाजूला जौनपुरीचा अवरोह घ्या, तो सरळ नॅचरल मायनरचा आहे. दरबारीच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. त्यातला आंदोलित गंधार फ्रेटवर सापडत नाही आणि बेंडने केला तर बहुतेकांचा तो नुसता थरथरतो.

तानपुऱ्यावर निवड तुमची असते. बँडमध्ये ती कॉर्ड करते, आणि खरी गडबड तिथेच होते. कॉलेजमधल्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमीत कीबोर्डवाला ए मायनर आणि डी मेजर आलटून पालटून वाजवतोय, आणि गिटारवाला मायनर म्हणजे नॅचरल मायनर असं धरून एफवर ठाण मांडून बसलाय, हे चित्र नवीन नाही. डी मेजर कॉर्डमध्ये एफ शार्प आहे. त्यावर एफ ओझरता लागला तर ब्लूजसारखा खपून जातो, लांबवला की खुपतो. तेव्हा सोलोच्या आधी विचारायचं ते एवढंच: डी मेजर आहे की मायनर? डी मेजर किंवा डी सेव्हन असेल तर डोरियन. डी मायनर किंवा एफ मेजर असेल तर नॅचरल मायनर. नुसते ए मायनर आणि जी असतील तर त्या दोन कॉर्डमध्ये एफही नाही आणि एफ शार्पही नाही, मग तुमची मर्जी.

गिटारवादक सांतानाने १९७० मध्ये टिटो पुएन्तेचं ‘ओये कोमो वा’ वाजवलं, ते जवळजवळ सगळं ए मायनर सेव्हन आणि डी नाइनवर चालतं. डोरियनचा कान तयार करायला याहून सोपं काही नाही. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचं १९५९ चं ‘सो व्हॉट’ जरा शिस्तीचं काम आहे: सोळा बार (चार मात्रांचे तुकडे) डी डोरियन, आठ ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ डी डोरियन. उलट बाजूला लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चा सोलो ए मायनर, जी, एफ या कॉर्डवर आहे. तिथे सातव्या फ्रेटवरचा एफ शार्प लांबवून बघा, एफची कॉर्ड आली की लगेच पकडले जाल.

क्लासमध्ये सर्रास सांगितली जाणारी एक युक्ती मला आवडत नाही: ‘ए डोरियन म्हणजे जी मेजरच, ए पासून सुरू केलेलं.’ कागदावर हे शंभर टक्के खरं आहे. पण डोक्यात जी मेजर ठेवून वाजवणाऱ्याची वाक्यं जीवर येऊन संपतात आणि सगळं जी मेजरसारखंच वाजतं. सा कुठे आहे ते हरवलं की डोरियनही हरवलं. ए मायनर पेंटॅटॉनिक अधिक एफ शार्प, असं धरलं की हा घोळ होत नाही.

आणि काही गाण्यांत दोन्ही लागतात. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे पारंपरिक गाणं ॲनिमल्स या बँडने १९६४ मध्ये ए मायनरमध्ये गाजवलं, आणि नवशिक्यांच्या वहीत ते अजून असतं. कॉर्ड ए मायनर, सी, डी, एफ. डीमध्ये एफ शार्प, लगेच पुढच्या कॉर्डमध्ये एफ. एकच स्केल शेवटपर्यंत लावलंत तर कुठेतरी आपटणारच. साध्या ओपन कॉर्ड धरून सगळ्यात बारीक तार तेवढी ऐका: डीला दुसरा फ्रेट, एफला पहिला, परत ए मायनरला आलात की मोकळी. एफ शार्प, एफ, ई. सोलोत बॉक्समध्ये हेच बी तारेवर सात, सहा, पाच असं उतरवा, कॉर्डच्या बरोबर. गाण्यात पुढे ई कॉर्ड येते. तिच्यातला जी शार्प या दोन्ही स्केलमध्ये नाही, तेवढ्यापुरता जी सोडून तो घ्यायचा आणि ए मायनर आला की पुन्हा जीवर यायचं.